मोठ्याईची पायताणं

"नऊ... दहा... अकरा..." शारदा मोजत होती, पण लक्ष दाराकडे होतं.

निकिता दुहेरी घडीच्या गोधडीवर उभी होती. डोळे मिटलेले, हात छातीशी, पायात नेहमीचे काळे बूट आणि बुटांतून पोटरीपर्यंत आलेले पांढऱ्या प्लास्टिकचे स्प्लिंट. गोधडीत पाऊल रुततं, खालची जमीन नेमकी कुठं आहे ते पायाला कळेनासं होतं, आणि तशातच अंग सावरायला शिकायचं असतं, असं धाराशिवच्या फिजिओथेरपिस्ट इरा मॅडमनी सांगितलं होतं. वर्षापूर्वी तीन म्हणेपर्यंत पोरगी शारदाच्या अंगावर कोसळायची.

"बारा..."

उजवा गुडघा आत ओढला गेला. निकितानं डोळे उघडले आणि खुर्चीची पाठ पकडली.

"बाराच," ती म्हणाली. "काल सोळा झाले होते."

"काल बघायला कुणी नव्हतं," शारदा हळूच म्हणाली.

जगदेवी भिंतीला टेकून चहा पीत होती. शारदाच्या नवऱ्याची, रणधीरची, ही थोरली बहीण कालच नळदुर्गाहून आली होती. "म्हंजे माझी नजर लागती म्हना की," ती म्हणाली. "बारा तर बारा. बारा पायऱ्या तरी चढंल पोरगी."

"आत्या, ते सेकंद हायेत. पायऱ्या न्हाईत."

"बघ, बारावीला गेली की आत्याला शाळा शिकवायला लागली."

निकिता हसली नाही. तिनं ज्वारी भरलेलं दप्तर पाठीला लावलं, बुटक्या पाटावर बसली आणि हात न टेकता उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. दप्तरात वर्षापूर्वी एक किलो होती, आता पाच किलो होती. लहानपणी तिचे पाय काठीसारखे ताठ असायचे, तेव्हा सगळे म्हणायचे, पाय मजबूत हायेत पोरीचे, नुसतं वळण लागायचं राहिलंय. आणि रोज तेल चोळायचे. मॅडमनी पहिल्याच दिवशी शारदाला सांगितलं होतं, "ताई, घट्ट आहे म्हणजे ताकद आहे असं नाही. हे स्नायू आखडलेलेही आहेत आणि अशक्तही आहेत. ताकद वाढवू. पण ताकद आली की तोल आपोआप येतो, असं समजू नका. तो वेगळा शिकवावा लागतो, आणि सगळा येईलच असं मी सांगणार नाही."

शेवटचं वाक्य शारदानं घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

मथुराबाई घरात नव्हत्या म्हणून इतकं मोकळं बोलणं चाललं होतं. मंगळवार होता. परडी घेऊन त्या जोगव्याला गेल्या होत्या. पाच घरं, न चुकता, अनवाणी. अकरा वर्षांपूर्वी सोलापूरच्या डॉक्टरांनी सहा वर्षांच्या निकिताला तपासून सांगितलं होतं की ही स्वतःच्या बळावर फारशी चालेल असं वाटत नाही. तेव्हा शारदाची ही थोरली जाऊ दवाखान्याबाहेरच्या लिंबाखाली थांबली होती. तिथंच चपला काढून ठेवल्या होत्या आणि येरमाळ्याच्या डोंगरावरच्या देवीच्या दिशेनं हात जोडून बोलली होती, "येडाई, ही पोर तुझ्या पायऱ्या आपल्या पायांनी चढून वर यील, त्या दिशी पायात घालीन." त्या चपला लिंबाखालीच राहिल्या.

आणि गेल्या शुक्रवारी बार्शीच्या डॉक्टरांनी मथुराबाईंच्या डाव्या पायाच्या अंगठ्याची पट्टी सोडली. साखर वाढलेली, कडा काळी पडलेली. आता अनवाणी एक पाऊल नको, ते म्हणाले. पुढच्या शुक्रवारी पाय असाच राहिला तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर थांबेल याची हमी नाही.

मथुराबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "पोरगी चढू द्या साहेब. लगीच घालते."

म्हणून आजचा मंगळवार ठरला. चैती पुनवेच्या यात्रेला अजून अवकाश होता; गर्दी व्हायच्या आत जाऊन यायचं.

रणधीर बाहेरून आला. जीप पुसून झाली होती, हात ओले होते. त्यानं आधी निकिताकडं, मग कोपऱ्यात बसलेल्या थोरल्या भावाकडं पाहिलं. रामकिसनांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पुडा होता. आत मऊ तळव्याच्या डॉक्टरी चपला होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं.

"दादा, वैनी यायच्या आत बोलून घिऊ," रणधीर खालच्या आवाजात म्हणाला. "पहिल्या वळणापतोर हिला चालत न्हेतो. वळणाच्या पुढचं खालून दिसत न्हाय. तिथून पाठीवर घितो. वर नारळ फोडायचा, येताना वळणापाशी उतरवायची. वैनी खालीच बसणार हायेत. त्यांना काय कळतंय?"

"मी कालपासून हेच म्हणते," जगदेवी म्हणाली.

"देवीच्या पायरीवर खोटं?" शारदाचा हात दप्तराच्या पट्ट्यावरच थांबला.

"खोटं कशाचं? वर गेली ना पोरगी? गेली. खाली आली ना? आली."

"तुमचं तुमी बघा. मी न्हाय बोलणार तसलं अक्कांशी."

रामकिसन आतापर्यंत गप्प होते. घरात ते कधी आवाज चढवत नसत आणि शारदाची बाजू त्यांनी आजवर एकदाही सोडली नव्हती. निकिताला धाराशिवला न्यायला रणधीर तयार नव्हता, तेव्हा आठवड्यातून दोनदा मोटारसायकलवर मायलेकींना एसटीपर्यंत सोडणारे तेच होते.

"शारदा," ते म्हणाले, "माझ्या बायकोचा पाय चाललाय."

शारदानं त्यांच्याकडे पाहिलं. मग पुड्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली आणि पुढं विरोध केला नाही.

"मला कुणी इचारलं का?" निकिता पाटावरूनच म्हणाली.

"तुला काय इचारायचं?" रणधीर तिच्याकडं न बघता बोलला. "तुझ्यासाठीच चाललंय समदं."

"माझ्यासाठी की तुमी गावात सांगून ठिवलंय त्यासाठी? काठी न्हाय, कठडा न्हाय, सरळ चढती बघा माझी पोरगी. कुणी सांगितलं होतं सांगायला?"

"निके!"

उंबऱ्याशी परडी टेकवल्याचा आवाज आला. मथुराबाई आत आल्या, परडी देव्हाऱ्यापुढे ठेवली, गळ्यातली कवड्यांची माळ डोळ्यांना लावली आणि वळून एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं? दूध नासल्यावानी चेहरे का समद्यांचे?"

"काय न्हाय वैनी," जगदेवी म्हणाली. "निघायचं म्हणून गडबड."

पायाखालच्या फरशीवर डाव्या अंगठ्याचा ओलसर ठसा उमटला होता. तो आधी निकितानंच पाहिला.

*

जीप येरमाळ्याच्या डोंगराखाली थांबली तेव्हा साडेआठ वाजले होते आणि ऊन तापायला लागलं होतं. रामकिसन आधी उतरले. पुडा त्यांच्या काखेत होता. बायकोला हात देऊन उतरवताना त्यांनी तिचा पाय जमिनीला लागण्याआधी आपला टॉवेल खाली अंथरला.

"लोक बघत्यात," मथुराबाई म्हणाल्या.

"बघू दे."

त्या टॉवेलावरून बाजूला होऊन मातीतच उतरल्या. रामकिसनांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. अकरा वर्षांत त्यांनी तिला एकदाही म्हटलं नव्हतं की हा नवस मोड. देवीला दिलेला शब्द तिचा होता आणि तो पाळण्यात तिला एक प्रकारचा विसावा मिळत होता, हे त्यांना दिसत होतं. दोघांना मूल नव्हतं. निकिता तीन महिन्यांची असल्यापासून रात्रीची मथुराबाईंच्या कुशीत निजायची, आणि "मोठ्याई" हा शब्द तिनं "आई"च्या आधी उच्चारला होता. पण शुक्रवारपासून रामकिसनांना तो विसावा दिसेना झाला होता. दिसायचा तो काळा अंगठा.

वीरप्पाच्या दुकानापुढं नारळ, खण, हळदीकुंकवाच्या पुड्या मांडल्या होत्या आणि बाजूच्या फळीवर दर्शनाला गेलेल्यांच्या चपला ओळीनं ठेवल्या होत्या. वीरप्पानं बाकडं पुढं सरकवलं.

"या मावशी, बसा. वर जायचं न्हाय का?"

"पोरगी चाललीया," मथुराबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की वीरप्पानं निकिताकडे नीट पाहिलं. "आपल्या पायानं."

"येडाईची कृपा. द्या मग, हितं काढा समद्यांनी. बिल्ला देतो."

जगदेवीनं सपाता काढल्या, शारदानं चपला काढल्या, रणधीरनं बूट-मोजे काढून जोडीनं फळीवर ठेवले. निकिता कठड्याकडे निघाली होती.

"ओ ताई," वीरप्पा म्हणाला, "बूट राहिले की तुमचे."

रामकिसनांनी निकिताच्या पायांकडं पाहिलं. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. सकाळी तोंड धुतलं की पोरगी स्प्लिंट चढवायची आणि त्यावर बूट, ते रात्री निजतानाच निघायचे. शेतातून आली की उंबऱ्याशी मथुराबाई ओल्या फडक्यानं बुटांचे तळवे पुसून द्यायच्या आणि मग ती त्याच बुटांनी घरभर फिरायची. चष्मा जसा नाकाचा, तसे ते बूट तिच्या पायांचे झाले होते. वर्षभर गोधडीवर उभी राहिली ती बुटांत. दप्तर घेऊन उठली-बसली ती बुटांत. ओट्याच्या तीन पायऱ्या दिवसाला शंभर वेळा चढली, तीही बुटांत. आणि देवीच्या पायरीवर पायताण चालत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असताना सहा माणसांपैकी एकालाही ते आठवलं नव्हतं.

"काढ," रणधीर म्हणाला. "काय हुतंय? वळणापतोरच तर..." तो थांबला.

"वळणापतोर काय?" मथुराबाईंनी विचारलं.

"काय न्हाय, वैनी. हळूहळू न्हेतो म्हणलं."

रामकिसनांनी मान दुसरीकडे वळवली. बायकोची नजर आपल्यावर खिळली आहे, हे त्यांना न बघताही कळत होतं.

*

निकिता पहिल्या पायरीवर बसली आणि तिनं पट्ट्या सोडल्या. चर्र, चर्र असा आवाज झाला. पोटऱ्यांवर पट्ट्यांचे लाल वळ होते. तिला लोकांसमोर पाय उघडे करायला आवडत नसे. आज फळीपाशी दहा-बारा माणसं उभी होती.

तिनं कठडा धरला आणि उठली.

दगड कोमट होता. टाचा जमिनीला टेकेनात. चवड्यांवरच सगळं अंग आलं आणि बोटं दगडाला चिकटून राहायला बघू लागली. गुडघे एकमेकांवर घासले. मांड्यांत ताकद होती, ती तिला जाणवत होती, पाच किलो ज्वारीची ताकद. पण त्या ताकदीला खाली उभं राहायला जागाच मिळत नव्हती. तिनं एक पाय वर उचलला आणि दुसरा घोटा बाहेरच्या अंगाला कलंडला.

रणधीरनं तिला काखेत धरलं.

"धरलंय मी. चल," तो कानाशी कुजबुजला. "वीस पायऱ्या काढ फक्त. तिथून उचलतो. मोठ्याईसाठी चल."

निकितानं मागं वळून पाहिलं. मोठ्याई बाकड्यावर बसली होती, लोकांच्या चपलांच्या शेजारी, पदर डोक्यावरून घेतलेला, ओठ हलत होते. ती देवीचं नाव घेत होती. वीस पायऱ्या म्हणजे काही फार नव्हतं. वीस पायऱ्या, मग पप्पाची पाठ, मग नारळ, मग आप्पांच्या पुड्यातल्या चपला. अंगठा वाचला असता. आणि मग मोठ्याईनं गावभर सांगितलं असतं, निकी अनवाणी चढली. पुढच्या यात्रेला गावानं म्हटलं असतं, चढ की पुन्हा.

"सोडा पप्पा."

"निके, तमाशा नको."

"सोडा म्हणलं ना. पडले तर पडले."

त्यानं सोडलं. ती कठडा धरून तिथंच बसली.

"मोठ्याई," ती म्हणाली, "पप्पा मला वळणापाशी पाठीवर घेणार होते. तुला सांगणार होते, चढली म्हणून."

जगदेवीनं कपाळावर हात मारला. "झालं! सकाळपासून एवढं सांभाळलं ते गेलं."

मथुराबाईंचे ओठ थांबले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुमाला बी ठावं हुतं?"

"व्हय," रामकिसन म्हणाले.

"शारदे, तुला?"

शारदानं होकारार्थी मान हलवली.

"मी अनवाणी चढू शकत न्हाय," निकिता बोलतच राहिली, थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही अशी. "आज न्हाय. पुढच्या वर्षी बी न्हाय. मॅडम म्हणल्यात, बूट आणि स्प्लिंट राहणारच. बूट घालून, कठड्याला एक हात लावून चढंन मी. वर जाईन. उतरताना पुढं कुणीतरी लागंल, उतरायला जास्त भ्या वाटतं. एवढंच येतं मला. ह्याच्या वर येईल का ते मला म्हाईत न्हाय, मोठ्याई."

फळीपाशी उभी असलेली माणसं पांगली नव्हती. वीरप्पा नारळ पुसत होता, पुसलेलाच नारळ पुन्हा पुसत होता.

मथुराबाईंनी डोळे मिटले. "माझंच पाप हाय," त्या म्हणाल्या. "देवी अजून राजी न्हाय. चालंन म्या अशीच. अंगठा गेला तर जाऊ द्या, अजून किती वर्सं..."

"पुरे!"

शारदाचा आवाज एवढा मोठा होऊ शकतो हे तिलाही माहीत नसावं. रणधीर दचकून मागं सरकला.

"कसलं पाप, अक्का? माझ्या पोरीच्या पायांना पाप म्हणता? सतरा वर्षं मी गप हाय. दुपारी बाराला माझ्या पोटात कळा आल्या. तुमी म्हणला, अमावस्या चारला सुटती, मग जीप काढू. मी खाटेची दोरी दातात धरून पडले होते. चार वाजले, मग निघालो. पोरगी जन्मली ती रडली न्हाय." तिला धाप लागली. "त्यानंच झालं का, हे डॉक्टरांना मी तीनदा इचारलं. ते म्हणले, कशानं झालं ते आता ठाम कुणालाच सांगता यायचं न्हाय. म्हणून मी कधी बोलले न्हाय. तुमी चपला सोडल्या तवा मला कळलं, तुमच्या मनात तेच हाय. मला वाटलं, जाळू द्या ऊन त्यांना. खरं सांगते, देवीसमोर सांगते. मला बरं वाटलं होतं."

जगदेवी पुढं झाली. "शारदे, थोरल्या जावंला असं..."

"थांब जगदेवी," मथुराबाई म्हणाल्या. "बोलू दे तिला."

"झालं माझं बोलून," शारदा म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. "आता बरं वाटत न्हाय. रोज ती पट्टी मीच सोडते, अक्का. तिचा वास मला येतो. माझ्या पोरीच्या पायांपायी तुमचा पाय नको. आणि तुमच्या पायापायी तिनं चोरून कुणाच्या पाठीवर बसायला नको."

*

मथुराबाईंना ऊन पाठीवर जाणवत होतं. डावा अंगठा ठणकत होता, कवड्यांची माळ गरम झाली होती. अमावस्या हा शब्द आज पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं उच्चारला होता. त्यांनी तो रोज पहाटे दिव्याची वात लावताना मनात उच्चारला होता, इतक्या वर्षांत एक पहाट चुकली नव्हती. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर काय होईल याचं त्यांना फार भय होतं. ऐकून झालं, आणि त्या बाकड्यावर तशाच बसलेल्या होत्या.

पोरगी पहिल्या पायरीवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. वळ उठलेले, वाकड्या बोटांचे ते पाय. लहानपणी किती तेल जिरवलं होतं त्यांत. तेल चोळताना त्या देवीला काय मागत होत्या, ते त्यांना आठवलं. दुसऱ्या पोरींसारखे पाय. हेच मागत होत्या. हे पाय मागितलेच नव्हते कधी.

"वीरप्पा, तांब्याभर पाणी दे बाबा," त्या म्हणाल्या. "आणि एक स्वच्छ फडकं."

त्या उठून पायरीपाशी गेल्या, खाली बसल्या आणि निकिताचा उजवा बूट उलटा करून मांडीवर घेतला. रोज संध्याकाळी उंबऱ्याशी करायच्या तसंच, पाणी शिंपडून तळवा पुसला. खाचेतला खडा नखानं काढला. मग दुसरा. मग स्प्लिंट पुसले, आतून, बाहेरून. फडक्याच्या कोरड्या टोकानं तळवे पुन्हा कोरडे केले. हळदीकुंकवाची पुडी फोडून स्प्लिंटांना दोन-दोन बोटं ओढली.

"वैनी, पायताणाला हळदीकुंकू?" जगदेवीला राहवलं नाही. "देवीच्या पायरीवर? असलं कुठं ऐकलं न्हाय मी."

"खंडेनवमीला कोयता पुजतो की आपण. नांगर पुजतो, टॅक्टर पुजतो."

"ती अवजारं झाली."

"मग हे काय हाय?" मथुराबाईंनी स्प्लिंट उचलून दाखवला. "तुझी भाची ह्याच्याबिगर उभी न्हाय राहत. दोष लागला तर मला लागू दे. म्या भरीन त्याचा दंड."

"आणि नवस? असा फिटतो व्हय नवस?"

"ते येडाई आणि म्या बघू. तू नारळ घे."

वीरप्पा मान खाजवत होता. शेवटी म्हणाला, "मला काय इचारू नका मावशी. मी हिकडं बघत न्हाय." आणि खरोखरच पाठ फिरवून नारळांची रास लावू लागला.

मथुराबाईंनी स्वतः पट्ट्या आवळल्या. निकितानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, उठली आणि कठडा धरला. टाचा टेकल्या. पाठ सरळ झाली.

"पायाकडं बघू नको ना?" मथुराबाईंनी विचारलं. मॅडमचं ते वाक्य शारदा रोज ओट्यावर बोलायची.

"व्हय. समोर बघायचं."

"मग जा. येळ लागू दे."

ते वर निघाले. पुढं निकिता, तिच्या एक पायरी मागं शारदा, मागं नारळ घेतलेली, अजून पुटपुटणारी जगदेवी. रणधीर जागेवरच उभा राहिला होता. ते आठ-दहा पायऱ्या गेले, तेव्हा तो एकदम निघाला आणि दोन-दोन पायऱ्या टाकत त्यांच्यात जाऊन मिळाला.

वळणानंतर दिसेनासं झालं.

रामकिसन बायकोशेजारी बसले. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. वरून उतरणाऱ्या एका बाईला मथुराबाईंनी विचारलं, "काळ्या बुटांची पोरगी दिसली का?"

"दिसली की. बसलीया पायरीवर. दम खाती."

"पडली न्हाय ना?"

"एकदा गुडघ्यावर आली. आईनं धरायच्या आत उठली."

मथुराबाईंनी माळेची एक कवडी पुढं सरकवली. ऊन फळीवर आलं, चपला तापल्या. मग वरून घंटेचा आवाज आला. घंटा सतत वाजतच होती, कुणी ना कुणी वाजवतच होतं, पण ही वेगळी होती. थांबत थांबत, तीनदा. रामकिसनांनी पुडा उघडला.

"पोचली. घाल आता."

"उतरू द्या."

"अगं, नवस चढायचा हुता. चढली ती."

"ती म्हणली न्हवं, उतरायला जास्त भ्या वाटतं," मथुराबाई म्हणाल्या. "तवर म्या कशी घालू?"

वळणावर माणसं दिसली तेव्हा आधी मथुराबाईंना कळेचना काय चाललंय. रणधीर त्यांच्याकडे पाठ करून उतरत होता. उलटा. निकिताच्या एक पायरी खाली, तोंड तिच्याकडे, दोन्ही हात तिच्या कमरेपासून वीतभर दूर, उघडे. तिला शिवत नव्हता. ती एक पाय खाली टेकायची, अंग डगमगायचं, कठड्यावरचा हात पांढरा पडायचा, मग ती स्थिर व्हायची. मग दुसरा पाय. दगड आता तव्यासारखा झाला होता. जगदेवी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. "अगं चल की बये, भाजलं, भाजलं!" आणि निकिता म्हणत होती, "आत्या, तुमाला घाई असंल तर जा म्होरं. माझ्या पायात बूट हायेत." रणधीर मात्र प्रत्येक पायरीवर ती स्थिर होईपर्यंत अनवाणी थांबत होता.

शेवटच्या पायरीवर पोरगी थांबली, कठडा सोडला आणि हात न लावता मातीत उतरली. मग शारदाच्या अंगावर टेकली. दोन्ही पाय थरथरत होते, उजवा गुडघा सोलवटला होता.

रणधीर बाकड्यावर बसला आणि पायांचे तळवे वर करून बघू लागला. दोन्हींवर फोड आले होते.

"सरळ न्हाय चढली," तो कुणाकडंच न बघता म्हणाला. "पण तिनं मला हात लावू दिला न्हाय."

"आणि गावात काय सांगशील?" जगदेवीनं विचारलं.

त्यानं खिशातून बिल्ला काढून वीरप्पाकडं सरकवला.

रामकिसन खाली वाकले. मथुराबाईंनी आधी डोंगराकडे हात जोडले, मग डावा पाय पुढं केला. शारदानं पट्टीची गाठ तपासली आणि चपलेचा पट्टा अंगठ्याला लागणार नाही असा सैल केला. उजवा पाय मथुराबाईंनी स्वतः सरकवला. त्या उठल्या, एक पाऊल टाकलं आणि तोल गेला. मऊ तळवा पायाखाली रुतला. जमीन कुठं आहे तेच कळेना. त्यांनी घाबरून नवऱ्याचा टॉवेल पकडला.

"अगं बाई, पडते की काय म्या!"

निकिता शारदाच्या अंगावरून सरळ झाली. थरथरत्या पायांनी दोन पावलं पुढं आली आणि मोठ्याईसमोर उभी राहिली, वीतभर अंतरावर, दोन्ही हात उघडे धरून.

"सोड आप्पांचा टॉवेल," ती म्हणाली. "टाच आधी टेकव. पायाकडं नको बघू. माझ्याकडं बघ."